ऑक्झॅलिक कुठल्या बाटलीत

४ मार्च

शंकासुरा,

चार वर्षं आणि दोन महिन्यांनी तुला पत्र लिहितेय. वर 'प्रिय' लिहावं की नाही यात दहा मिनिटं गेली, शेवटी गाळलं. तू फोन उचलत नाहीस, तेव्हा दुसरा इलाज नाही.

काल कॉलेजच्या पत्त्यावर मला एक लिफाफा आला. तू ज्या चाचणी प्रयोगशाळेत अर्ज केला आहेस, तिचा. पाण्याचे, औषधांचे, रंगांचे नमुने तपासून त्या अहवालांवर शेवटची सही करणारा माणूस त्यांना हवाय. मुलाखतीत तू त्यांना फार आवडलेला दिसतोस. अडचण एवढीच, की तुझ्या जुन्या नोकरीच्या दाखल्यावर 'सुरक्षेतील निष्काळजीपणामुळे सेवा समाप्त' असं लिहिलेलं आहे. म्हणून त्या वेळची विभागप्रमुख या नात्यानं त्यांनी मला विचारलंय, की त्या अपघातात तुझा दोष नेमका किती होता. मी तुझी सख्खी बहीण आहे हे त्यांना कळलेलं नाही. माझं लग्न टिकलं नाही, पण आडनाव टिकलं, त्याचा हा एवढा उपयोग.

तर तुझी नोकरी आता माझ्या उत्तरावर अडून बसली आहे. एप्रिलअखेरपर्यंत मुदत आहे.

मी लिहीन, आणि चांगलं लिहीन. तू हुशार आहेस, हाताचा स्वच्छ आहेस, मुलं तुझ्या तासाला मागच्या बाकावरसुद्धा जागी असायची, सगळं लिहीन. पण माझी एक अट आहे. त्याआधी तू स्वतः त्यांना लिहून कळव, की शब्दाचा कीस काढायच्या तुझ्या सवयीमुळे तो तक्ता चुकला आणि त्याची जबाबदारी तू घेतोस. चौकशी समितीच्या अहवालात आहे तेच, जास्त काही नको. चार वर्षं 'मी नाही, मी नाही' करत तू दारोदार फिरलास आणि काय हाती लागलं? चूक कबूल करणारा माणूस लोकांना चालतो. हटवादी चालत नाही.

आणि तू हटवादी होतासच. मंडईतल्या त्या भाजीवाल्या मावशींनी हौसेनं 'येथे सेंद्रिय टोमॅटो मिळतील' अशी पाटी लावली, तर तू भर गर्दीत त्यांना विचारलंस, "मावशी, असेंद्रिय टोमॅटो दाखवा ना, मला एकदा बघायचाय." त्या बिचाऱ्या आत शोधायला गेल्या! मी हसले होते, खोटं कशाला बोलू. पण तुझ्या त्याच जिभेपायी पुढे सगळं घडलं, असं समितीचं म्हणणं होतं, आणि समितीला तू आवडत नव्हतास असं काही नाही.

आई बरी आहे. हल्ली ऐकू कमी येतं, पण तिला नको ते बरोबर ऐकू येतं.

उत्तर पाठव.

ताई


१९ मार्च

शंकासुरा,

पंधरा दिवस झाले. पोस्टमन रोज येतो, विजेचं बिल आणि जाहिराती टाकून जातो. तुझी अक्कड अजून उतरलेली नाही हे समजलं.

ठीक आहे, मग मीच बोलते. भांडणाला सुरुवात कुणी केली? तू. बावीस वर्षं मी पहिल्या वर्षाच्या मुलांना माझी छोटी टिपणवही देत आले. तिच्यात सेंद्रिय पदार्थाची व्याख्या एका ओळीत आहे: ज्यात कार्बन आणि हायड्रोजन एकमेकांना थेट जोडलेले असतात तो सेंद्रिय, बाकी सगळे असेंद्रिय. मुलांच्या लक्षात राहते, परीक्षेत गोंधळ होत नाही. आणि तू नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, तर शिक्षकांच्या खोलीत, सहा जणांसमोर, चहाचा कप हातात धरून म्हणालास, "ताई, मग युरियाचं काय करायचं? त्यात तसा जोड नाहीच. 'सजीवात बनतं तेच सेंद्रिय' ही जुनी व्याख्या ज्या पदार्थानं मोडली, त्यालाच तू घराबाहेर काढलंस!"

सगळे हसले. ग्रंथपाल तर डोळे पुसत होता.

वर आणखी यादी वाचलीस. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड घे, म्हणालास. पालेभाजीत सापडतं, सगळी पुस्तकं त्याला सेंद्रिय म्हणतात, पण तुझ्या हिशेबानं नाही. व्याख्या ही सोयीची कुंपणं आहेत, ती बघून गुरं हाका, पण कुंपणालाच शेत समजू नकोस. असं काहीतरी. तुला वाक्यं छान सुचायची. मला मात्र तिथे उत्तर सुचलं नाही, आणि मी तुझी विभागप्रमुख होते, आणि तुला मुळाक्षरं गिरवायला मी शिकवलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आल्यावर तू विसरूनही गेलास. "ताई, आमटी मस्त झालीय," म्हणालास. मी विसरले नाही.

त्यानंतर वर्षभर तुझं तेच. टेबलावर चिठ्ठ्या ठेवायच्या, टिपणवहीच्या समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं काढायची. मुलांपर्यंत गेलं. 'ताईंचं सेंद्रिय' आणि 'सरांचं सेंद्रिय' अशी दोन उत्तरं मुलं तोंडपाठ करायला लागली.

आईनं काल विचारलं, "त्या दिवशी झालं तरी काय, मला नीट सांग." इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा विचारलं. मी तिला समजेल असं सांगितलं. प्रयोगानंतर उरलेलं रसायन आम्ही मोरीत ओतत नाही, मोठ्या बाटल्यांत साठवतो. एक बाटली सेंद्रिय कचऱ्याची, एक असेंद्रिय. कुठलं काय कुठे जायचं याचा तक्ता भिंतीवर असतो. असेंद्रियच्या बाटलीत नायट्रिक अ‍ॅसिड होतं. त्यात कुणी ऑक्झॅलिक ओतलं की दोघांची हळूहळू जुंपते आणि वायू सुटत राहतो. तक्त्यात ऑक्झॅलिक हे असेंद्रियच्या रकान्यात होतं, सातव्या ओळीत. आमच्या प्रयोगशाळेत मदतनीस असलेल्या मामांनी तक्ता वाचला, त्याप्रमाणे ओतलं, झाकण घट्ट लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली उचलायला गेले आणि ती त्यांच्या हातात फुटली. डावा डोळा गेला.

"आणि तक्ता कुणी लावला होता?" आई म्हणाली.

"विभागानं," मी म्हटलं.

"विभागाला हात असतात का गं?"

मी कुकरकडे बघायला उठून गेले. मुद्दा तो नाही. मुद्दा हा, की त्या शब्दावरून विभागात एवढी धुसफूस तू माजवली नसतीस, तर तो तक्ता साधा, सरळ झाला असता. हे तरी तुला मान्य आहे की नाही? सहा आठवडे उरले आहेत. हट्ट सोड.

ताई


२ एप्रिल

शंकासुरा,

आज मामांकडे जाऊन आले. मला वाटलं, त्यांच्याकडून तुझ्याबद्दल दोन चांगल्या ओळी लिहून घ्याव्यात, माझ्या पत्राला जोडता येतील. ज्याला इजा झाली तोच म्हणतोय की मुलगा चांगला होता, यापेक्षा वजनदार काय असणार?

तिसऱ्या मजल्यावर राहतात. जिना अंधारा आहे आणि एका डोळ्याला पायऱ्यांची खोली कळत नाही, म्हणून त्यांनी प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरा रंग मारून घेतलाय. दार त्यांनीच उघडलं. मला बघून आधी शर्टाची वरची गुंडी लावली. तीस वर्षं प्रयोगशाळेत काम केलेला माणूस, आमच्यासमोर गुंडी उघडी ठेवायची नाही हे अजून सुटलेलं नाही.

मी विषय काढला. तू किती काळजी घ्यायचास, काचसामान स्वतः धुवायचास, वगैरे. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाई, सरांबद्दल मी काय पाहिजे ते लिहून देतो. पण मला एक सांगा, तुम्ही हे माझ्याकडनं कशाला लिहून घेताय? तुमचं तुम्हाला लिहायला काय झालं?"

मी म्हटलं, "मीही लिहिणारच आहे."

"काय लिहिणार?"

ते खुर्ची ओढून माझ्या डाव्या बाजूला येऊन बसले, म्हणजे त्यांच्या चांगल्या डोळ्यासमोर मी येईन. म्हणाले, "तो कागद तुम्ही माझ्या हातात दिलात. सोमवारी, सव्वाअकराला. 'मामा, जुना काढा, हा लावा,' म्हणालात. चिकटपट्टी पण तुमच्याच टेबलावरनं घेतली मी. समिती दवाखान्यात आली तेव्हा मी 'आठवत नाही' म्हणालो. का म्हणालो? तुम्ही साहेब होतात, आणि मला अजून तीन वर्षं तिथंच काढायची होती. सर गेले असते, तरी तुम्ही राहणार होतात. एवढाच विचार केला मी, डोळ्याला पट्टी बांधलेली असताना. मला त्याची लाज वाटते. तुम्हाला काय वाटतं ते तुम्हाला माहीत."

रागावून बोलले असते तर बरं झालं असतं, मला त्यांच्याशी भांडता आलं असतं. त्यांनी पाणी दिलं. मी ते प्यायले आणि निघाले. पायऱ्या उतरताना मला धरायला ते बरोबर आले, मी त्यांना नाही.

हे तुला का लिहितेय? तुला सगळं माहीतच आहे. ज्याला माहीत आहे त्यालाच मी महिनाभर 'विभागानं, विभागानं' करून पत्रं लिहितेय.

मला दोन-चार दिवस दे.


६ एप्रिल

बाळा,

लिहिते आता.

तक्ता मी केला. सातवी ओळ मी घातली. चुकून नाही. ऑक्झॅलिकपाशी येऊन मी थांबले होते. लोक त्याला कुठे टाकतात हे मला ठाऊक होतं. पण ते सेंद्रियच्या रकान्यात लिहिलं असतं, तर भिंतीवर, सगळ्या मुलांसमोर, तू जिंकला असतास. दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं, आणि मग माझ्या व्याख्येप्रमाणे असेंद्रियमध्ये टाकलं. बाटलीत आधीच काय आहे याचा विचारच केला नाही. मी रसायनशास्त्राची शिक्षिका. बावीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आले, की ओतण्याआधी आत काय आहे ते वाचा.

बुधवारी तू चिठ्ठी ठेवलीस. ती मी जपून ठेवली होती. 'ताई, ओळ सात काढ. त्या बाटलीत नायट्रिक आहे, दोन्ही एकत्र नकोत. हे भांडण नाही, खरंच काढ. बाकी व्याख्या तुझी तुला लखलाभ.' मी शेवटचं वाक्य आधी वाचलं. ते मला इतकं झोंबलं, की वरची तीन वाक्यं मी धमकीसारखी वाचली. चिठ्ठी खणात टाकली. म्हटलं, सोमवारी बघू, तोवर याला तडफडू दे. मामांनी शुक्रवारी संध्याकाळी कपाट रिकामं करायला घेतलं आणि शनिवारी सकाळी बाटली फुटली.

समितीपुढे तू सरळ सांगितलंस, "हा तक्ता माझा नाही. ताईंना विचारा." त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "कामाच्या वाटपानुसार कचऱ्याचे तक्ते कनिष्ठ अधिव्याख्यात्यांकडे असतात." वाक्य शंभर टक्के खरं होतं. तसं वाटपपत्र फाइलमध्ये होतं, त्यांनी ते काढून पाहिलंही. खरं वाक्य आहे म्हणूनच मी ते निवडलं, रात्रभर बसून नाही, तिथल्या तिथे, एका श्वासात. मग अध्यक्ष तुझ्याकडे वळून म्हणाले, "सेंद्रियच्या अर्थावरून तुमचेच वाद चालतात ना विभागात?" आणि तू माझ्याकडे पाहिलंस. समिती माझ्याच खोलीत बसली होती, टेबलाचा तो खण माझ्या गुडघ्याला लागत होता, चिठ्ठी आत होती. तू तिचं नावही काढलं नाहीस. मी ती फाडली असेल असं तुला वाटलं, की मी स्वतः होऊन देईन म्हणून वाट बघत होतास? हे विचारायची हिंमत मला चार वर्षं झाली नाही.

आज त्या चाचणी प्रयोगशाळेला पत्र पाठवलं. नोंदणी करून. मी तक्ता केला, भावानं लेखी इशारा दिला होता, मी तो दडपला आणि चौकशीत दिशाभूल केली, असं स्पष्ट लिहिलंय. भाऊ आहे हेही लिहिलं. तुझी मूळ चिठ्ठी जोडली आहे. एक प्रत प्राचार्यांना दिली. त्यांनी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, हे आत्ता कशाला?" मी म्हटलं, आधी जमलं नाही.

माझी अट बिट सगळी रद्द समज. तुला काही लिहायची गरज नाही. तू घरी ये म्हणत नाही. नोकरी घे फक्त.

आणि ऑक्झॅलिक सेंद्रियच आहे. युरियाही. तुझंच बरोबर होतं, पहिल्या दिवसापासून.

ताई


२७ एप्रिल

बाळा,

तुझं पत्र परवा आलं. चार वर्षांतलं पहिलं, नऊ ओळींचं. किती वेळा वाचलं सांगत नाही. त्याच टपालानं प्रयोगशाळेचंही आलं, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून मला सगळा घोळ कळला.

तू गप्प नव्हतासच. माझं पहिलं पत्र मिळालं त्याच आठवड्यात, तेरा मार्चला, तू त्यांना मी सांगितलेलं वाक्य लिहून पाठवलंस. माझे शब्द जसेच्या तसे, 'शब्दाचा कीस काढायच्या माझ्या सवयीमुळे'. खाली सही. मला कळवलं नाहीस, कारण, तू लिहितोस, 'ते तुला वाचून दाखवायची ताकद नव्हती.' आणि मी इथे तुझी अक्कड काढत बसले होते! मग जवळजवळ चार आठवड्यांनी त्यांच्याकडे माझं पत्र पोचलं, चिठ्ठीसकट. एकाच अपघाताच्या दोन कबुल्या, दोघेही म्हणताहेत मी केलं. त्यांनी तुला बोलावून विचारलं, यातलं खोटं कुठलं? तू म्हणालास, "माझं."

त्यांचं पत्र सभ्य आहे. माझ्या प्रामाणिकपणाचे आभार मानलेत. उमेदवाराच्या ज्ञानाबद्दल किंवा पूर्वीच्या कामाबद्दल आता कोणतीही शंका उरलेली नाही, असंही म्हटलंय. 'तथापि सदर पद हे अहवालांवर स्वाक्षरी करण्याचे असून, दबावाखाली असत्य मजकुरावर स्वाक्षरी केल्याचे उमेदवाराने मान्य केले असल्याने त्यांची नियुक्ती करणे शक्य नाही.'

त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येईना. मी त्यांच्या जागी असते तर हेच लिहिलं असतं.

पहिल्यांदा तू खरं बोललास आणि मी तुला खोटं पाडलं. या वेळी तुझ्याकडून खोटं लिहून घेतलं आणि नंतर मीच ते उघडं पाडलं. अट घातली नसती तर नोकरी तुझी होती. अट घालून गप्प बसले असते, तरी कदाचित तुझी होती. तू मला दोष दिलेला नाहीस. 'तुझी चिठ्ठी जपलीस हे बरं केलंस,' एवढंच लिहिलंस. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्यास तर मला आवडलं असतं.

मी राजीनामा दिला आहे. त्यानं तुला काही मिळणार नाही, हे मला कळतं.

आईला काल सगळं सांगितलं. मोठ्यानं सांगावं लागलं, दोन-दोनदा, त्यामुळे शेजारीही ऐकू गेलं असेल. तक्ता, चिठ्ठी, समिती, अट, सगळं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "त्याला जेवायला कोण करून घालतं?" मी म्हटलं, मला माहीत नाही. मग ती उठली आणि माळ्यावरची बॅग काढून दे म्हणाली.

ती तुझ्याकडे यायला निघाली आहे. किती दिवसांसाठी ते तिनं सांगितलं नाही, पण हिवाळ्याचे कपडेही घेतलेत. सकाळी मी तिच्या पातळांच्या घड्या घालायला बसले, तर तिनं माझ्या हातातून पातळ काढून घेतलं. "राहू दे," म्हणाली, "माझं मी करते."

गुरुवारची गाडी आहे, सकाळी साडेनऊला पोचेल. डबा सहावा. तिला पायऱ्या उतरायला हात लागतो, तेव्हा अगदी दारापाशी उभा राहा. मी बरोबर येणार होते. तिनं नको म्हटलंय.

ताई